कागदोपत्री आजारी

एडिंबरा शहराच्या पूर्वेला, आर्थर्स सीट नावाच्या टेकडीच्या पायथ्याशी डडिंग्स्टन ही जुनी वस्ती आहे. तिथला 'शीप हीड इन' हा पब आपला जन्म १३६० सालचा सांगतो. त्या साली आपल्याकडे बहमनी राज्य स्थापन होऊन जेमतेम तेरा वर्षं झाली होती आणि बीडची खजाना विहीर खणायला अजून सव्वादोनशे वर्षांचा अवकाश होता. पबची आजची इमारत अर्थातच एवढी जुनी नाही. दारूच्या जागेच्या वयाबद्दल मालकाचा शब्द थोडा कमी करूनच घ्यावा, हे जगात सगळीकडे खरं आहे. पण मुद्दा वयाचा नाही, ते वय पाटीवर मिरवण्याचा आहे. २०१६ साली राणी एलिझाबेथ इथे जेवून गेली, हेही पबवाले आवर्जून सांगतात.

आता बीड जिल्ह्यातला एखादा बार आठवून पाहा. दारावर काळ्या काचा, आत लाल-निळे दिवे आणि बाहेर 'फॅमिली रूमची स्वतंत्र सोय' असा फलक. स्थापना अमुक साली, असं लिहिलेलं दिसत नाही. मिठाईच्या दुकानावर दिसतं, सराफाच्या पेढीवर तर हमखास दिसतं, बारवर नाही. आपले लोक पीत नाहीत म्हणून, हे त्याचं कारण नव्हे. खरं कारण शोधायला आधी स्कॉटलंडात थोडं फिरावं लागेल आणि मग हैदराबाद-मुंबईमार्गे परत यावं लागेल.

एडिंबऱ्याच्या जुन्या भागात ग्रासमार्केट नावाचा लांबट चौक आहे. किल्ला डोक्यावर, चौकात पूर्वी गुरांचा बाजार आणि १७८४ पर्यंत जाहीर फाशीची जागा. इथला 'व्हाइट हार्ट इन' स्वतःला १५१६ चा म्हणवतो. त्याच चौकातल्या एका पबचं नाव 'द लास्ट ड्रॉप' आहे. शेवटचा घोट आणि फासावरचा शेवटचा हिसका, असे दोन्ही अर्थ त्यात बसवले आहेत. या शहराचा विनोद असाच जरा काळा.

तिथून चढण चढून लॉनमार्केटवर आलं की 'डीकन ब्रॉडीज टॅव्हर्न' लागतं. विल्यम ब्रॉडी हा सुतारकामातला नामांकित कारागीर. कारागिरांच्या संघाचा प्रमुख आणि नगरपरिषदेचा सदस्य. दिवसा श्रीमंतांच्या घरी कपाटं आणि कुलपं बसवायची आणि रात्री त्याच घरांत चोरी करायची, असं त्याचं दुहेरी आयुष्य होतं. १७८८ साली तो फासावर गेला. लेखक स्टीव्हन्सनला जेकिल आणि हाइडची कथा सुचण्यामागे या माणसाची छाया होती, असं मानतात. अशा माणसाच्या नावाने ठळक अक्षरांत पाटी लावायची, हा एडिंबऱ्याचा मोठेपणा म्हणायचा की निर्लज्जपणा, ते वाचकाने ठरवावं.

पण एकच पब पाहायला वेळ असेल, तर न्यू टाउनमधला 'कॅफे रॉयल' पाहावा. इमारत १८६३ ची. आत मधोमध मोठा लाकडी ओटा, त्याच्या चारही बाजूंनी गिऱ्हाईक आणि भिंतींवर डॉल्टन कंपनीच्या रंगीत चिनी मातीच्या फरश्यांतून घडवलेली मोठी चित्रं. चित्रांत राजेराण्या नाहीत, देवही नाहीत. जेम्स वॅट, फॅरडे, रेल्वेवाले स्टीफन्सन अशी शोधकर्त्यांची मंडळी आहेत. वाफेच्या इंजिनावर काम करणाऱ्या माणसासमोर उभं राहून बिअर प्यायची, ही कल्पना ज्या शहराला सुचली त्याला शिक्षणाचं वेड होतं, हे वेगळं सांगायला नको. १९६०च्या दशकाच्या अखेरीस शेजारच्या वूलवर्थ दुकानाला वाढीसाठी ही जागा हवी होती. लोकांनी आरडाओरडा केला, इमारत संरक्षित यादीत गेली आणि वाचली. दारूची खोली पाडू नये म्हणून सभ्य नागरिकांनी सरकारदरबारी अर्ज केले, हे दृश्य आपल्या तहसील कचेरीसमोर कल्पून पाहावं. आपल्याकडे अर्ज येतात ते उलट दिशेने.

रोझ स्ट्रीटवरचा १९०२ चा 'ॲबट्सफर्ड' आणि ग्लासगोचा घोड्याच्या नालाच्या आकाराच्या ओट्याचा 'हॉर्सशू बार' हे त्याच काळातले. ओटा मधोमध ठेवण्यात शोभेबरोबर सोयही होती. ओट्यामागच्या माणसाला सगळी खोली एका नजरेत दिसते, कोण झिंगलाय आणि कोणाला आता घरी पाठवायला हवं ते कळतं. परवाना देणाऱ्या न्यायाधीशांनाही आडोशाच्या खोल्या आवडत नसत. आपल्याकडे याच्या नेमकं उलटं आहे. बारमध्ये आडोसा हीच मुख्य सोय असते.

यंग स्ट्रीटवरचा 'ऑक्सफर्ड बार' मात्र सजावटीसाठी पाहायचा नाही. इयन रँकिन यांच्या कादंबऱ्यांतला इन्स्पेक्टर रीबस इथे बसतो, म्हणून वाचक मुद्दाम येतात. खोली साधी, बाकडी साधी. जाणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं की तिथे टेबलाजवळ वेटर येत नाही. ओट्यावर जायचं, मागायचं, तिथल्या तिथे पैसे द्यायचे. चौघं मित्र असतील तर आळीपाळीने एकेकाने सगळ्यांचं आणायचं. आपली पाळी चुकवणाऱ्याला तिथे आयुष्यभर विसरत नाहीत. बिअरचा पाइंट ५६८ मिलिलिटरचा. व्हिस्कीचं माप २५ किंवा ३५ मिलिलिटर. क्वार्टर आणि नाइन्टीच्या हिशेबाची सवय असलेल्या माणसाला हे माप औषधाच्या झाकणासारखं वाटेल.

हे सगळं पाहून स्कॉटलंड म्हणजे पिणाऱ्यांचं मोकळं रान, असा समज होईल. तसं मुळीच नव्हतं. तिथला प्रेस्बिटेरियन पंथ फार कडक, रविवार तर फारच. १८५३ च्या फोर्ब्स मॅकेंझी कायद्याने रविवारी पब बंद आणि इतर दिवशी रात्री ११ ला दारं बंद, असा नियम झाला. त्याला अपवाद एकच, खराखुरा प्रवासी. लांबून आलेल्या वाटसरूला रविवारीही हॉटेलात दारू मिळत असे, पण त्याने वहीत नाव, गाव आणि सही करायची. मग व्हायचं ते झालं. रविवार उजाडला की या गावची मंडळी त्या गावी आणि त्या गावची या गावी चालत निघत. दर रविवारी अख्खा प्रांत कागदोपत्री प्रवासाला निघालेला असे. हॉटेलवाल्याला माहीत, पोलिसाला माहीत, पाद्र्यालाही माहीत. ही सहीची पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालली. पबला रविवारी उघडं राहता येईल असा कायदा १९७६ साली झाला. तोवर पबची आणि कायद्याची ओढाताण सुरू होती. पण परवान्याचा धागा कधी पूर्ण तुटला नाही, आणि दारूची जागा जुनी व्हायला एवढंच लागतं. दारू मुरायला पिंप लागतं, तसा दुकान मुरायला न तुटलेला परवाना लागतो.

आमच्या मराठवाड्यात तो धागा वारंवार तुटला.

बीड १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. संस्थानच्या उत्पन्नात आबकारीचा वाटा मोठा. शिंदीच्या झाडाची शिंदी, ताडाची ताडी आणि मोहाच्या फुलांची दारू, हे तीन प्रवाह. विक्रीचे हक्क लिलावात जात, आणि लिलाव घेणारा गुत्तेदार आपले पैसे वसूल होईपर्यंत गावाला पाजत राही. गावच्या कडेला शिंदीखाना असे, जमिनीवर बसून मडक्यातून प्यायची जागा. त्याला ना भिंतींवरची चित्रं, ना लाकडी ओटा. तिथे बसणारे बहुतेक कष्टकरी. प्रतिष्ठित माणूस पीत असेल तर घरी पीत असे. एकाच खोलीत वकील आणि हमाल शेजारी उभे आहेत, हे पबचं खरं वैशिष्ट्य. ते आपल्याकडे घडलं नाही, याला दारूपेक्षा जात आणि पंगत जास्त कारणीभूत आहेत.

इंग्रजी पद्धतीच्या पिण्याच्या सर्वांत जवळ आलेलं आपलं गाव म्हणजे अंबाजोगाई, तेव्हाचं मोमिनाबाद. तिथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या घोडदळाची छावणी होती. गोरे अधिकारी होते, म्हणजे त्यांचं मेस आलंच. १९०३ साली कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन झालं आणि पुढे छावणीची ती रया राहिली नाही. गोरे पाहुणे गेले, पण मागे गावात बार रुजला नाही.

आणि त्याच गावात काही दशकांनी एक शिक्षक आले. स्वामी रामानंद तीर्थ. योगेश्वरी शाळेत शिकवता शिकवता त्यांनी जी पिढी घडवली, ती पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरली. १९४७ च्या लढ्यात स्टेट काँग्रेसच्या कार्यक्रमात शिंदीची झाडं तोडणं हे एक ठरलेलं काम होतं. जंगल सत्याग्रह, लेव्हीला विरोध, करोडगिरीची म्हणजे जकातीची नाकी आणि शिंदीची झाडं. कुऱ्हाड झाडावर पडायची, पण घाव निजामाच्या तिजोरीवर बसायचा. जिथे स्वातंत्र्याच्या लढ्याची एक खूण म्हणजे दारूचं झाड आडवं पाडणं, तिथे पुढच्या पिढीने 'स्थापना निजामकाळात' अशी पाटी गुत्त्यावर अभिमानाने लावावी, ही अपेक्षाच चुकीची.

मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आला. तिथे वेगळाच प्रयोग चालू होता. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने दारू करणं, बाळगणं, पिणं, सगळंच गुन्हा ठरवलं होतं. या धोरणामागे मोरारजी देसाई ठामपणे उभे होते. फ्राम बलसारा नावाच्या पारशी गृहस्थांनी कायद्याला आव्हान दिलं आणि १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा गाभा वैध ठरवून काही कलमं मात्र उडवली. त्यात अल्कोहोल असलेली औषधं आणि सुगंधी द्रव्यं वापरण्यावरच्या बंदीचा भाग होता. म्हणजे टॉनिक सुटलं, व्हिस्की अडकली. १९५९ साली हा कायदा विस्तारून राज्याच्या उरलेल्या भागांनाही लागू झाला, त्यात आपण आलो.

बंदीतही दार किलकिलं होतं. डॉक्टरने लिहून दिलं की आरोग्यासाठी परवाना मिळे. परवानाधारकाने प्यायची ती हॉटेलातल्या ठरावीक खोलीत, बाहेरच्यांच्या नजरेआड. 'परमिट रूम' ती हीच. बंदी बरीचशी सैल झाली, १९७३ च्या नियमांनी देशी दारूची परवानाधारक दुकानं रीतसर उभी राहिली, तरी मूळ कायदा रद्द झालेला नाही. आजही महाराष्ट्रात पिणाऱ्याकडे परवाना हवा. विदेशी दारूसाठी एका दिवसाचा परवाना पाच रुपयांना, आजीवन हजाराला. त्यावर कारण छापलेलं असतं, आरोग्य टिकवण्यासाठी. बार भरलेला असतो आणि त्यातला एकेक जण सरकारच्या लेखी प्रकृतीची काळजी घ्यायला बसलेला असतो. स्कॉटलंडात रविवारचा पिणारा कागदोपत्री प्रवासी होता, आपल्याकडचा कागदोपत्री आजारी आहे. फरक एवढाच की तिकडे सही तरी मनुष्य स्वतः करत असे.

या बंदीच्या काळात मुंबईत एक संस्था भरभराटीला आली, ती म्हणजे 'आंटी'. धोबीतलाव, वांद्रे अशा वस्त्यांत घरातल्या पुढच्या खोलीत चार खुर्च्या, गावठी दारू, उकडलेलं अंडं, तळलेली मासळी आणि उधारीची वही. अनेक आंटी गोव्याकडच्या ख्रिस्ती बायका. दारूच्या जागेवर बाईची सत्ता असल्याने तिथे दंगा कमी होत असे, असं जुनी मंडळी सांगतात. मुंबईच्या जुन्या पबचा खरा वारस मला ही खोली वाटते. पण तिचा परवाना नव्हता, म्हणून पाटी नव्हती, म्हणून आज पत्ताही नाही.

पाटी असलेल्यांत कुलाब्याचा 'लिओपोल्ड' १८७१ चा, इराण्यांनी काढलेला, बेल्जियमच्या राजाच्या नावाचा. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात तिथे गोळीबार झाला, आणि काही दिवसांतच तो पुन्हा उघडला. भिंतीवरची गोळ्यांची भोकं त्यांनी बुजवली नाहीत. रीगल सिनेमाजवळचा 'मोंडेगार' १९३२ चा. त्याच्या भिंती मारिओ मिरांडा यांच्या चित्रांनी भरल्या आहेत. कॅफे रॉयलच्या भिंतींवर शास्त्रज्ञ, तर मोंडेगारच्या भिंतींवर आपण सगळे, म्हणजे जाड्या बायका, सुटलेल्या पोटांचे साहेब, लोंबकळणारे प्रवासी. मला दुसरा संच जास्त आवडतो. पण दोन्ही जागा मुळात इराणी कॅफे, चहा-ब्रून मस्क्याच्या. अख्ख्या बंदीतून त्या तरल्या याचं कारण त्यांचा जीव दारूत नव्हता.

न तुटलेला धागा पाहायचा तर गोव्यात जावं. १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमल असल्याने मुंबईची दारूबंदी तिथे पोचलीच नाही. पणजीच्या फोंतेन्हास भागातल्या 'जोसेफ बार'सारख्या चिमुकल्या तावेर्नात सात-आठ माणसं आत आली की बाकीच्यांनी रस्त्यावर उभं राहायचं. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर हुर्राक मागा. काजूची बोंडं तुडवून काढलेला रस आंबवायचा, पहिल्या ऊर्ध्वपातनात हुर्राक, पुन्हा गाळली की फेणी. हुर्राक हंगामातच प्यायचा, तो साठवून ठेवण्याजोगा नसतो. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेय ठरवलं. वारसा आणि पेय हे दोन शब्द सरकारी कागदावर शेजारी बसलेले बघायला बीडच्या माणसाला दोनशे कोसांचा प्रवास करावा लागतो.

मग बीडमध्ये पबचं काम कोण करतं? चहाचं हॉटेल. स्टँडसमोरचं, मोंढ्यातलं, कचेरीच्या भिंतीला टेकलेलं. एका कट चहावर दोन तास बसता येतं, पेपर फुकट, सोयरीक तिथेच जमते आणि निवडणुकीचं पॅनलही तिथेच ठरतं. नारायणगड आणि गहिनीनाथगडाच्या वाटेने जाणाऱ्या माळकऱ्यालाही तिथे बसायला हरकत नसते, आणि हा मुद्दा लहान नाही. ज्या जिल्ह्यात गळ्यात माळ घालणं ही आयुष्यातली मोठी घटना आहे, तिथे सगळ्यांची बैठक दारूच्या खोलीत जमणं शक्यच नव्हतं.

बारची वाट मात्र अजून डळमळीतच आहे. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असा निकाल दिला. पुढच्या एप्रिलपासून हायवेलगतची दुकानं बंद झाली. नंतर खुलासे आले, शहरांच्या हद्दीला सवलती मिळाल्या. सोलापूर-धुळे रस्त्यावर वसलेल्या आपल्या गावांनी तेव्हा टेप घेऊन मोजणी करणारी माणसं पाहिली. जिथे एका निकालाने पत्ता बदलतो, तिथे सहाशे वर्षांची पाटी कुठून येणार?

शिवाय आपल्याकडे गावाला मत देता येतं. २००८ च्या नियमांनुसार पंचवीस टक्के महिला मतदारांनी निवेदन दिलं की गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चिन्हं, उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान चालू राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही समजेल अशी ही चिन्हं ज्याने कोणी सुचवली, त्याला लोकशाही कळली होती.

स्कॉटलंडनेही हा खेळ खेळला आहे. तिथल्या १९१३ च्या कायद्याने गावोगाव मतदान घेण्याची सोय केली आणि १९२० पासून मतं पडू लागली. उत्तरेकडचं विक हे हेरिंग मासेमारीचं बंदर १९२२ ते १९४७ अशी पंचवीस वर्षं कोरडं राहिलं. ग्लासगोजवळचं किर्किन्टिलॉक तर त्याहूनही जास्त काळ. त्याच १९२२ साली डंडी शहरात विन्स्टन चर्चिल संसदेची जागा हरले आणि निवडून आले एडविन स्क्रिमजर, चक्क दारूबंदी पक्षाचे. पबसाठी ओळखल्या जाणाऱ्या देशाने चर्चिलला पाडून दारूबंदीवाला पाठवला, हे पर्यटनाच्या पुस्तिकांत सहसा छापत नाहीत.

दोन्हीकडच्या नियमांत एक फरक आहे आणि बीडसाठी तो जीवघेणा आहे. स्कॉटलंडात दुकानं बंद करायला पडलेल्या मतांपैकी ५५ टक्के आणि यादीतल्या मतदारांपैकी किमान ३५ टक्के पुरत. आपल्याकडे यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. जी बाई मतदानाला आलीच नाही, ती गणितात आपोआप उभ्या बाटलीकडे जाते. आणि बीडमधल्या वडवणी, धारूर, पाटोदा, शिरूर कासारच्या गावांतून दिवाळी झाली की ऊसतोडीचे ट्रॅक्टर भरून निघतात. नवरा-बायकोचा एक कोयता. उचल आधीच खर्च झालेली. मार्च-एप्रिलपर्यंत ती बाई पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडात असते. तिने तोडलेला ऊस कारखान्यात जातो, साखर निघाली की खाली मळी उरते, मळीपासून मद्यार्क होतो आणि त्यातून देशीची नाइन्टी. गावात मतदान या महिन्यांत लागलं, तर तिचं नाव यादीत असतं आणि ती नसते.